फुल बॉडी चेकअप: नेमकं काय कळतं आणि तपासणी नीट कशी करून घ्यावी

चेकअपचा रिपोर्ट हातात आला की नजर आधी ठळक छापलेल्या आकड्यांवर जाते. ‘हाय’, ‘लो’, बाजूला एखादी चांदणी. घाबरण्याआधी ती चांदणी कशी पडते ते समजून घ्या. उजवीकडे छापलेली ‘नॉर्मल रेंज’ बहुतेक तपासण्यांसाठी निरोगी माणसांतल्या मधल्या ९५ टक्के लोकांवरून ठरवलेली असते. म्हणजे शंभर धडधाकट माणसांतल्या पाच जणांचा आकडा त्या रेषेबाहेर जाणारच. एकमेकींशी संबंध नसलेल्या २० तपासण्या केल्या, तर पूर्ण निरोगी माणसाचाही किमान एक आकडा रेंजबाहेर असण्याची शक्यता ६४ टक्के होते. पॅकेजमध्ये जितक्या जास्त तपासण्या, तितक्या जास्त चांदण्या. त्यातल्या बऱ्याचशा आजाराच्या नसतात.

उलट बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. सगळे आकडे रेंजमध्ये आले म्हणजे शरीरात काही बिघाड नाही, असं होत नाही. सरसकट चेकअपमुळे माणसं जास्त जगतात का, हे तपासणाऱ्या अभ्यासांचा आढावा कॉक्रेन संस्थेने २०१९ मध्ये घेतला. त्यातली माणसं अडीच लाखांच्या घरात होती आणि एकूण मृत्यूंमध्ये फरक जवळजवळ दिसला नाही. ते अभ्यास युरोप-अमेरिकेतले, जिथे लोक एरवीही नियमित डॉक्टरकडे जातात. आपल्याकडे चाळिशी उलटली तरी एकदाही बीपी न मोजलेली माणसं घराघरात आहेत, त्यामुळे तो निष्कर्ष जसाच्या तसा इथे लावता येणार नाही. पण त्यातून एक दिशा मिळते: मोजक्या तपासण्या निवडा, त्या नीट करून घ्या आणि आकडा बिघडलेला निघाला तर पाठपुरावा करा.

मोजक्या म्हणजे कोणत्या? जे आजार त्रास न देता वर्षानुवर्षं वाढतात, साध्या तपासणीत सापडतात आणि सापडल्यावर उपचाराने पुढचं नुकसान टळतं, तेवढेच. रक्तदाब, मधुमेह, किडनीचा सुरुवातीचा आजार, कोलेस्टेरॉल, रक्तक्षय, आणि तोंडाचा, स्तनाचा व गर्भाशयमुखाचा कॅन्सर. ही यादी लहान आहे, पण हार्ट ॲटॅक, पक्षाघात, डायलिसिस आणि अंधत्व यांच्याकडे जाणारे मोठे रस्ते हिच्यातूनच जातात.

बीपी: सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जास्त चुकीची होणारी तपासणी

जिना चढून आल्या आल्या, टेबलाच्या कडेला उभं करून, शर्टाच्या बाहीवरूनच पट्टा गुंडाळून मोजलेलं बीपी रिपोर्टवर लिहू नये. पद्धत अशी:

मोजण्याआधी अर्धा तास चहा, कॉफी, तंबाखू, व्यायाम नाही. लघवी करून या. पाठ टेकून, पाय जमिनीवर सपाट ठेवून पाच मिनिटं गप्प बसा. पायावर पाय नको. हात टेबलावर असा टेकवा की दंड छातीच्या पातळीत येईल; लोंबता ठेवला तर आकडा वाढून येतो. पट्टा उघड्या दंडावर, कोपराच्या घडीच्या दोन बोटं वर बांधा. मोजताना बोलू नका, समोरच्यालाही प्रश्न विचारू देऊ नका. एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजून सरासरी काढा. पहिल्या वेळी दोन्ही हातांचं मोजा. ज्या हाताचं जास्त येईल, पुढे कायम तोच हात.

पट्ट्याचं माप हा सर्रास दुर्लक्षित भाग आहे. पट्ट्यावर दंडाच्या घेराचं माप सेंटिमीटरमध्ये छापलेलं असतं. शिंप्याच्या टेपने दंड मोजा आणि ते जुळतं का पाहा. जाड दंडाला लहान पट्टा बांधला तर बीपी खोटं वाढलेलं दिसतं आणि माणूस नको त्या गोळीवर जातो.

दवाखान्यात १४०/९० किंवा त्याहून जास्त, तेही वेगवेगळ्या दिवशी आलं, तर उच्च रक्तदाब धरतात. काहींचं फक्त डॉक्टरसमोर वाढतं, काहींचं उलट दवाखान्यात ठीक आणि घरी जास्त असतं. शंका असेल तर दंडाचं ऑटोमॅटिक मशीन घ्या (मनगटाचं नको), सात दिवस सकाळी दोनदा आणि संध्याकाळी दोनदा मोजा, पहिल्या दिवसाचे आकडे सोडून बाकीच्यांची सरासरी काढा. घरी ही सरासरी १३५/८५ किंवा वर आली तर ते जास्त आहे. साठीपुढच्या किंवा मधुमेही माणसाचं उभं राहिल्यावर एक ते तीन मिनिटांनीही मोजा. वरचा आकडा २० ने खाली आला तर रात्री उठताना पडण्याचा धोका असतो. गोळ्यांचा डोस पुन्हा पाहावा लागतो.

वजनकाट्याआधी टेप

पुण्याच्या केईएम रुग्णालयातले मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला होता. दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) अगदी सारखा, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. आपल्या लोकांचा हातपाय बारीक आणि पोट सुटलेलं हा बांधा काट्यावर कळत नाही, म्हणून आपल्यासाठी बीएमआयची रेषाही खाली आणलेली आहे: २३ पासून जादा वजन, २५ पासून लठ्ठपणा.

कंबर मोजायची जागा पँटच्या पट्ट्याची नव्हे. शेवटची बरगडी आणि कमरेच्या हाडाची वरची कड, या दोन्हींच्या मध्यावर, उघड्या अंगावर, श्वास सहज सोडल्यावर टेप आडवा धरून मोजा. पुरुषांना ९० आणि बायकांना ८० सेंटिमीटरच्या पुढे गेलं की शुगर, ट्रायग्लिसराइड्स (रक्तातली एक चरबी) आणि फॅटी लिव्हर यांची शंका घ्यायची, वजन कितीही ‘बरोबर’ असो.

आदली रात्र आणि सुई टोचण्याची दहा मिनिटं

इथे चुकलं की पुढचं सगळं विश्लेषण चुकीच्या आकड्यांवर होतं.

‘उपाशीपोटी’ आणि ‘उपवास’ यांत लोकांची गल्लत होते. एकादशीच्या सकाळी साबुदाण्याची खिचडी खाऊन दिलेला नमुना फास्टिंगचा नसतो. साध्या शुगरसाठी किमान ८ तास, लिपिड प्रोफाइलसाठी (कोलेस्टेरॉल आणि इतर चरबी) १० ते १२ तास काही खायचं नाही. साधं पाणी हवं तेवढं प्या. पाणी न प्यायल्याने शीर सापडत नाही आणि रक्त आटल्यासारखं होऊन काही आकडे चढतात. बिनसाखरेचा चहा, लिंबूपाणी, बडीशेप, मिश्री, तंबाखू यांतलं काही नको. १४ तासांपेक्षा जास्त उपाशी राहण्यातही अर्थ नाही. सकाळी ७ चा नमुना असेल तर रात्री ८ ला जेवून घ्या, हे हिशेबाला सोपं.

आदल्या दोन दिवसांत जिममध्ये जोर लावलेला असेल किंवा ट्रेक झाला असेल, तर एसजीओटी आणि सीपीके (हे स्नायूंतूनही रक्तात येतात) वाढून येतात. आदल्या रात्री भरपेट मटण झालं असेल तर क्रिएटिनिन (किडनीच्या तपासणीतला आकडा) थोडं चढतं. डेंग्यू, टायफॉइड किंवा साधा व्हायरल ताप येऊन गेला असेल तर तीन आठवडे थांबा. आजारपणात कोलेस्टेरॉल खोटं कमी आणि फेरिटिन (लोहाचा साठा), ईएसआर (शरीरातल्या दाहाची खूण) खोटे जास्त दिसतात. केसांसाठीच्या गोळ्यांमध्ये बहुधा बायोटिन असतं आणि त्याने काही लॅबच्या यंत्रांवर थायरॉइडचे आकडे बिघडतात, म्हणून त्या दोन-तीन दिवस आधी बंद ठेवा.

बीपीची गोळी नेहमीच्या वेळी पाण्याबरोबर घ्या. थायरॉइडची गोळी नमुना दिल्यावर. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन उपाशीपोटी घेऊन लॅबच्या रांगेत उभं राहणं धोक्याचं आहे, ते नाश्त्यासोबत. डॉक्टरांनी वेगळं सांगितलं असेल तर अर्थात त्यांचं ऐका.

नमुना घेणारा समोर आला की या गोष्टी पाहा. सुई आणि ट्यूब तुमच्यासमोर उघडली का? दंडावरचा पट्टा एका मिनिटापेक्षा जास्त वेळ आवळून ठेवला तर रक्त तिथे साकळतं, प्रथिनं आणि कॅल्शियम वाढून येतं. मूठ सारखी उघड-मीट करायला सांगितली तर करू नका. पोटॅशियम खोटं वाढतं. शुगरसाठी करड्या टोपणाची ट्यूब असते, तिच्यात फ्लोराइड असतं. ते नसलेल्या ट्यूबमध्ये रक्तपेशी साखर खात राहतात आणि दर तासाला आकडा साधारण ५ ते ७ टक्क्यांनी उतरतो. घरी येऊन नमुना नेणारा माणूस तीन तास उन्हात फिरून लॅबमध्ये पोचला, तर मधुमेहाच्या उंबरठ्यावरचा माणूस रिपोर्टवर निरोगी दिसू शकतो. म्हणून विचारा: नमुना लॅबमध्ये किती वाजता पोचणार? आणि तो निघण्याआधी प्रत्येक ट्यूबवरचं नाव आणि वय स्वतः वाचा. एकाच घरातल्या चौघांचे नमुने एकदम घेतले जातात तेव्हा अदलाबदल होऊ शकते.

लघवीच्या नमुन्यासाठी जागा पाण्याने धुऊन, सुरुवातीची धार सोडून मधली धार डबीत घ्या आणि तासाभरात द्या. पाळीच्या दिवसांत ही तपासणी नको, रक्त मिसळतं. लॅब निवडताना रिपोर्टवर एनएबीएलचं (लॅबचा दर्जा तपासून मान्यता देणारी संस्था) चिन्ह आहे का पाहा आणि दरवर्षी शक्यतो तीच लॅब ठेवा. यंत्र आणि पद्धत बदलली की आकडे थोडे सरकतात.

शुगर

उपाशीपोटी १०० च्या खाली (मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर) ठीक, १०० ते १२५ उंबरठा, १२६ आणि वर मधुमेह. एचबीए१सी ५.७ च्या खाली ठीक, ६.४ पर्यंत उंबरठा, ६.५ आणि वर मधुमेह. तहान, वारंवार लघवी, वजन घटणं यांतलं काही नसेल, तर एकाच आकड्यावर मधुमेहाचा शिक्का मारायचा नाही. तीच तपासणी दुसऱ्या दिवशी पुन्हा, किंवा दोन वेगवेगळ्या तपासण्या एकाच नमुन्यावर. बोटाला टोचायचं ग्लुकोमीटर मधुमेह सांभाळायला चांगलं आहे, निदानासाठी नाही.

एचबीए१सी म्हणजे लाल पेशींतल्या हिमोग्लोबिनला चिकटलेली साखर. पेशी साधारण १२० दिवस जगते, म्हणून मागच्या दोन-तीन महिन्यांचा अंदाज येतो. पण पेशींचं आयुष्यच बदललं असेल तर अंदाज चुकतो. लोहाची कमतरता असली तर आकडा खोटा वाढतो; आपल्याकडच्या बायकांमध्ये हे फार वेळा घडतं. सिकलसेल, थॅलेसेमिया (हिमोग्लोबिनचे आनुवंशिक दोष), नुकताच रक्तस्राव किंवा रक्त चढवलेलं असेल तर तो खोटा कमी येऊ शकतो. विदर्भातल्या किंवा नंदुरबारकडच्या ज्या घरांत सिकलसेल आहे, तिथे एचबीए१सीवर विसंबू नका. उपाशीपोटी आणि ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनी, अशा दोन्ही शुगर करा. दोन तासांची १४० ते १९९ उंबरठा, २०० आणि वर मधुमेह. साध्या जेवणानंतरची शुगर करत असाल तर दोन तास पहिल्या घासापासून मोजायचे, हात धुतल्यापासून नाही.

गरोदरपणात ज्यांना शुगर झाली होती त्यांनी बाळंतपणानंतर सहा ते बारा आठवड्यांत ही ग्लुकोजची तपासणी करायचीच, आणि पुढे दर एक ते तीन वर्षांनी शुगर पाहायची. बाळाच्या धावपळीत ही तपासणी हमखास राहून जाते. सासरच्या-माहेरच्या माणसांनी आठवण ठेवून तिला घेऊन जावं.

सीबीसी (रक्तपेशींची मोजणी): दोन आकडे एकत्र वाचा

हिमोग्लोबिन पुरुषांत १३, बायकांत १२ आणि गरोदरपणात ११ च्या खाली गेलं तर रक्तक्षय. लोक इथेच थांबतात आणि लोहाच्या गोळ्या सुरू करतात. त्याच कागदावर एमसीव्ही म्हणजे लाल पेशीचं आकारमान आणि आरबीसी म्हणजे त्यांची संख्या छापलेली असते. एमसीव्ही ८० च्या खाली असेल तर त्याला आरबीसीच्या आकड्याने भागा. एमसीव्ही ७० आणि आरबीसी ४.० असेल तर उत्तर १७.५, १३ च्या वर, म्हणजे लोहाची कमतरता जास्त शक्य. एमसीव्ही ६४ आणि आरबीसी ५.८ असेल तर उत्तर ११. १३ च्या खाली, म्हणजे थॅलेसेमिया मायनरची (दोष एकाच पालकाकडून आलेला) शंका. हा भागाकार निदान नव्हे, पुढची तपासणी कोणती ते सांगणारी खूण आहे: पहिल्यात फेरिटिन, दुसऱ्यात हिमोग्लोबिन एचपीएलसी (हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणारी). थॅलेसेमिया मायनरच्या माणसाला सहसा काही त्रास नसतो, पण जोडीदारही मायनर निघाला तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला थॅलेसेमिया मेजर (याच दोषाचा गंभीर प्रकार) होण्याची शक्यता २५ टक्के असते. लग्न ठरण्याआधी कळलेला हा एक आकडा संपूर्ण पॅकेजपेक्षा मोलाचा आहे.

एमसीव्ही १०० च्या वर असेल तर बी१२, दारू, थायरॉइड हे पाहा. आणि पुरुषात किंवा पाळी गेलेल्या बाईत लोह कमी निघालं तर गोळ्या देऊन विषय संपवू नका. रक्त कुठून जातंय ते शोधावं लागतं, बहुधा पोट किंवा आतड्यातून. मूळव्याध म्हणून सोडून दिलेला आतड्याचा कॅन्सर असाच लपून राहतो.

प्लेटलेट अचानक ५०-६० हजार आणि अंगावर एकही डाग नाही, हिरड्यांतून रक्त नाही, ताप नाही? जांभळ्या टोपणाच्या ट्यूबमधल्या औषधाने काहींच्या प्लेटलेट एकमेकींना चिकटतात आणि यंत्र कमी मोजतं. सूक्ष्मदर्शकाखाली स्मिअर (काचेवर पसरलेला रक्ताचा थेंब) पाहायला सांगा आणि सायट्रेटच्या ट्यूबमध्ये पुन्हा मोजा.

किडनी

क्रिएटिनिन रेंजमध्ये आहे म्हणून किडनी ठीक, हा सगळ्यात महागात पडणारा गैरसमज. किडनीची जवळपास निम्मी ताकद जाईपर्यंत हा आकडा रेंजच्या आत राहू शकतो, आणि तो स्नायूंवरही अवलंबून असतो. म्हणून वय आणि लिंग धरून काढलेला ईजीएफआर, म्हणजे किडनीच्या गाळण्याच्या वेगाचा अंदाज, पाहा. तो तीन महिन्यांहून जास्त काळ ६० च्या खाली राहिला तर किडनीचा जुनाट आजार.

त्याच्याही आधी बोलते ती लघवी. युरिन एसीआर, म्हणजे लघवीतल्या अल्ब्युमिनचं क्रिएटिनिनशी प्रमाण, ३० च्या खाली असावं. ८० तपासण्यांच्या पॅकेजमध्येही ही एक बहुधा नसते आणि साध्या लघवीच्या तपासणीत अल्ब्युमिनची थोडी गळती कळत नाही. मधुमेह किंवा बीपी असलेल्या प्रत्येकाने ती वर्षातून एकदा मागून करून घ्यावी. सकाळची पहिली लघवी उत्तम. ताप, लघवीचा जंतुसंसर्ग किंवा जोराच्या व्यायामानंतर नको. वाढलेली आली तर तीन महिन्यांत तीनपैकी दोनदा वाढलेली असेल तरच पक्की धरायची.

बाकीचे आकडे, थोडक्यात

एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) बऱ्याच लॅब मोजत नाहीत, सूत्राने काढतात: एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल) वजा, शिवाय ट्रायग्लिसराइड्सचा पाचवा हिस्सा वजा. ट्रायग्लिसराइड्स ४०० च्या वर असतील तर हे सूत्र चालत नाही, ‘डायरेक्ट एलडीएल’ मागा. ट्रायग्लिसराइड्स दिवसागणिक बरेच हलतात. १५० चे १७५ झाले म्हणून आहार फसला असं नाही.

एसजीपीटी (यकृताची तपासणी) नॉर्मल असूनही फॅटी लिव्हर असू शकतं. फक्त बिलिरुबिन (काविळीत वाढणारं पिवळं द्रव्य) थोडं वाढलंय, तेही इनडायरेक्ट, बाकी सगळं ठीक? काही माणसांत ते जन्मजात तसंच असतं आणि उपाशी राहिल्याने आणखी चढतं. ती कावीळ समजून झाडपाला घेत बसू नका.

थायरॉइडचा टीएसएच किंचित वाढलेला (१० च्या आत) आला आणि त्रास नसेल, तर दोन-तीन महिन्यांनी पुन्हा करा. बऱ्याचदा आपोआप खाली येतो. गरोदर किंवा मूल हवं असलेल्या बाईने मात्र थांबू नये, लगेच डॉक्टरांना दाखवावं. युरिक ॲसिड वाढलंय पण सांधा कधी सुजला नाही, खडा झाला नाही, तर सहसा औषध लागत नाही. बी१२ शाकाहारी माणसांनी आणि मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी घेणाऱ्यांनी करावं.

हृदय: ईसीजी नॉर्मल म्हणजे काय?

त्या दहा सेकंदांत हृदयाची वीज नीट वाहत होती, एवढंच. पडून काढलेला ईसीजी मोठे अडथळे असतानाही नॉर्मल येऊ शकतो. चेकअपमध्ये ईसीजी ठीक आला म्हणून जिना चढताना छातीवर येणारं दडपण अंगावर काढू नका. लक्षण रिपोर्टपेक्षा मोठं. उलट काही त्रास नसलेल्या, कमी धोक्याच्या माणसाने हौसेने ट्रेडमिल टेस्ट केली तर ती खोटी बिघडलेली येऊ शकते आणि मग अँजिओग्राफीपर्यंत ओढाताण होते. हृदयाचा धोका बीपी, शुगर, एलडीएल, तंबाखू, वय आणि घरातला इतिहास यांवरून जास्त चांगला कळतो. वडील किंवा भावाला ५५ च्या आत, आई किंवा बहिणीला ६५ च्या आत हार्ट ॲटॅक आला असेल तर डॉक्टरांना सांगा. फॉर्मवर तो रकाना नसला तरी सांगा.

कॅन्सर: जिथे डोळ्यांनी दिसतं तिथे आधी पाहा

तंबाखू, गुटखा, मिश्री किंवा सुपारी घेणाऱ्यांनी महिन्यातून एकदा आरशासमोर टॉर्च घेऊन तोंड पाहावं. कवळी काढा, चूळ भरा. ओठांच्या आतली बाजू, दोन्ही गाल, जीभ बाहेर काढून तिच्या दोन्ही कडा, जीभ वर उचलून खालचा भाग, मग टाळू. पांढरा चट्टा, लाल चट्टा (हा जास्त धोक्याचा), दोन आठवड्यांत न भरणारी जखम, तिखट न सोसणं. मग आपलीच मधली तीन बोटं उभी धरून तोंडात घालून पाहा. जात नसतील तर तोंड आखडत चाललंय. दंतवैद्याकडे जा, दुखत नसलं तरी.

गर्भाशयमुखाच्या तपासणीचा जगभर सांगितला जाणारा पुरावा आपल्याच मातीतला आहे. तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातल्या गावांमध्ये ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायकांवर अभ्यास झाला; त्यात टाटा मेमोरियल आणि बार्शीचं नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल होतं. निकाल २००९ मध्ये आला: आयुष्यात फक्त एकदा एचपीव्ही (हा कॅन्सर घडवणारा विषाणू) तपासणी झालेल्या गटात या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्मे. तिथे ॲसेटिक ॲसिड लावून डोळ्यांनी पाहण्याची तपासणी एकदाच केल्याने मृत्यूंत ठळक फरक पडला नाही; मुंबईच्या वस्त्यांमध्ये तीच तपासणी प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी केली तेव्हा मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. म्हणजे एचपीव्ही परवडत असेल तर ३० नंतर दर पाच ते दहा वर्षांनी ती. नाहीतर ॲसेटिक ॲसिडची तपासणी, पण पुन्हा पुन्हा. पन्नाशीनंतर ज्या भागाकडे पाहायचं तो आत सरकतो, तेव्हा एचपीव्हीच बरी. एचपीव्ही पॉझिटिव्ह म्हणजे कॅन्सर नव्हे. पुढची तपासणी लागेल, एवढाच अर्थ. लाज वाटते म्हणून ही तपासणी टाळणाऱ्या बायका उशिरा येतात आणि तेव्हा हातात फार थोडं उरतं, हे मनापासून सांगावंसं वाटतं.

स्तनांची हाताने केलेली तपासणीही मुंबईत वीस वर्षं अभ्यासली गेली. प्रशिक्षित आरोग्यसेविकेने दर दोन वर्षांनी केलेल्या तपासणीमुळे पन्नाशीपुढच्या बायकांत मृत्यू जवळपास ३० टक्के कमी दिसले.

या तिन्ही तपासण्या, शिवाय बीपी आणि शुगर, तीस वर्षांवरच्या प्रत्येकासाठी सरकारी कार्यक्रमात मोफत आहेत. गावातल्या आशाताईंकडे त्याचा फॉर्म असतो, चौकशी उपकेंद्रात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात करा.

पॅकेजमधल्या ‘कॅन्सर मार्कर’साठी (रक्तातून कॅन्सरची खूण शोधणाऱ्या तपासण्या) जादा पैसे देऊ नका. सीईए विडी-सिगारेट ओढणाऱ्यांत वाढतो, सीए-१२५ पाळीत आणि एंडोमेट्रिओसिसमध्ये (गर्भाशयाचं अस्तर बाहेर वाढण्याचा आजार) वाढतो, आणि खरा कॅन्सर असतानाही दोन्ही नॉर्मल असू शकतात. काही त्रास नसताना मानेची सोनोग्राफीही नको. दक्षिण कोरियात चेकअपसोबत ती सर्रास होऊ लागली तेव्हा १९९३ ते २०११ या काळात थायरॉइड कॅन्सरची निदानं पंधरापट वाढली; त्याने होणारे मृत्यू होते तेवढेच राहिले.

आकडा बिघडलेला आला तर

त्याच दिवशी दवाखाना गाठायचा तो अशा वेळी: बीपी १८०/१२० च्या वर आणि सोबत छातीत दुखणं, धाप, बोलण्यात अडखळणं किंवा एका बाजूची ताकद जाणं, शुगर ३०० च्या वर आणि उलट्या, हिमोग्लोबिन ७ च्या खाली, पोटॅशियम ६ च्या वर. पोटॅशियमच्या बाबतीत रिपोर्टखाली ‘नमुना हिमोलाइज्ड’ लिहिलंय का पाहा. पेशी फुटल्याने आकडा खोटा वाढतो, तरी त्याच दिवशी पुन्हा तपासायचं.

बाकी बहुतेक वेळा घाई नसते. आकडा रेषेपासून किती लांब आहे ते पाहा; रेंज ४० पर्यंत आणि एसजीपीटी ४४ आला, आणि १४० आला, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नीट तयारी करून तीच तपासणी पुन्हा करा. मग मागच्या वर्षीचा आकडा शेजारी ठेवा.

त्यासाठी एक वही करा, घरातल्या प्रत्येकाचं एक पान. रकाने: तारीख, वजन, कंबर, बीपी, उपाशीपोटी शुगर, एचबीए१सी, हिमोग्लोबिन, क्रिएटिनिन, ईजीएफआर, एलडीएल. लॅबचं ॲप प्रत्येक रिपोर्ट सुटा दाखवतं. पानावर ते एका ओळीत येतात. एखाद्या बाईचं क्रिएटिनिन ४३ व्या वर्षी ०.७, ४५ व्या वर्षी ०.९ आणि ४७ व्या वर्षी १.१ आलं, तर बऱ्याच लॅबच्या रेंजमध्ये हे तिन्ही आकडे नॉर्मल छापून येतील, एकही चांदणी पडणार नाही. ईजीएफआर मात्र साधारण ११० वरून ८० आणि मग ६२ वर आलेला असेल. अशी ओळ दिसली तर पुढच्या चेकअपची वाट पाहू नका. युरिन एसीआर करून घ्या, आठवड्याचं घरचं बीपी लिहा आणि गुडघेदुखी-डोकेदुखीसाठी घेतलेल्या प्रत्येक गोळीची पट्टी (त्यांतल्या काही किडनीला इजा करू शकतात) सोबत घेऊन डॉक्टरांकडे जा.